कावळ्याचं पान

५ सप्टेंबर
किण् किण्, किण् किण्. सातवीत कविता म्हणताना मुलींच्या बाकावर बांगड्यांचा ताल पडायचा. त्यातल्या विद्याच्या बांगड्या मी डोळे मिटून ओळखायचो. पुढे त्या माझ्याच घरी नांदल्या. ती जाऊन वर्ष झालं. आज मुलाने, राजसने, मला सिंगापूरला, बिशान भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, तरी कानात तोच ताल! माझ्या खोलीत नात श्रियाएवढं उंच चित्र आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच निसर्गचित्राची नक्कल. मधासारखी संध्याकाळ, तळं, भग्न देऊळ, खांबावर कावळा, काठाशी पाठमोरी बाई. शाळेतल्या कवितांमधला गाव म्हणजे हाच की!

१५ सप्टेंबर
अविधवा नवमी, विद्याचं श्राद्ध. सूनबाई निशिगंधाने खीर-वडे केले, पण कावळ्याचं पान खिडकीत ठेवायचं म्हटल्यावर श्रिया ओरडली, "आजोबा, कॅनॉट लाह! नाही चालत! इथे पक्ष्यांना खायला घातलं तर फाइन होईल!" म्हटलं, मग हा खांबावरचा कावळा चालेल? ती खिदळली. तिनेच पान चित्राखाली ठेवलं. कावळा शिवेना की गेलेल्याची इच्छा पुरवायचं वचन देतात. मीही हात जोडले. विद्या, हवं ते घे, पण ये.
जेवून आलो तर पान चाटूनपुसून स्वच्छ.

१७ सप्टेंबर
खांबावर कावळा नाही. बाईने मान वळवली आहे. गालावर विद्याचा तीळ. आनंदाने रडलो.
श्रिया जेवत नाही. खिडकी बंद असतानाही तिच्या अंगावर मधासारखा उजेड पडतो.

१९ सप्टेंबर
श्रिया म्हणते, आजी बोलावतेय. राजसला म्हटलं, चित्र उतरव. तो हसला. बाबा, कवितांचा ओव्हरडोस झालाय तुम्हाला! मीच ओढून पाहिलं. हलेना. फ्रेम कोमट होती, अंगासारखी.

२० सप्टेंबर
श्रिया सापडत नाही. दोघं पोलिसांकडे गेलीत. मी एकटा.
तळ्याकाठी तिचा पिवळा फ्रॉक – रंग ओला – खांदे हलताहेत – रडतेय –
बाई चित्रात नाही.
हवं ते घे म्हणालो होतो. मीच –

दार वाजतंय. किण् किण्, किण् किण्. अहो, उघडा ना, म्हणतेय. भूक लागलीय म्हणतेय –
श्रियाने तोंड वळवलं. मान हलवतेय. नको, आजोबा, नको –
पण हा ताल – इतक्या दिवसांनी –
आलो, विद्या, आलो, उघड