आयर्लंडच्या मोजणीचा गुलाल

७ जून २०२४, शिराळा
विसरलीस ना, वही? तुझं डोकं म्हंजे नुसती चाळण! परवाच सांगितलं — आज आयर्लंडात मतदान. उभा कोण? माझा नातू झिशान! तिकडं नर्स म्हणून गेला, आन् पेशंटशी गप्पा मारता मारता नगरसेवक झाला. पाच वर्षं झाली. आता पुन्हा उभा हाय. पडला तर कायमचा घरी येतो, असा मला शब्द दिलाय. मग दुवा काय मागू? सून फिरदोस, त्याची आई, मी सांगते ते तीच लिहितीय. म्हणती, "अम्मा, जिंकायचंच मागा." मी दोन्ही मागितलं. अल्ला बघून घेईल.

८ जून
पहिल्या फेरीत झिशान पुढं! आमचे माजी सरपंच नानासो गुलालाचं पोतं घेऊनच दारात. हलगी, फटाके! मी पण नाचले — गुडघ्याला न विचारता.
तेवढ्यात झिशानचा फोन. "दादी, थांब की जरा! हितं अजून फेऱ्या हायत!"
तिथं म्हणे चिठ्ठीवर एक, दोन, तीन असे पसंतीचे नंबर घालतात. एखादा बाद झाला की त्याच्या चिठ्ठ्यांवर दोन नंबर ज्याला घातलाय, त्याला ती मतं जातात. नानासो लाल तोंडानं म्हणाले, "पडलेल्यानं दुसऱ्याला मतं द्यायची? आमच्यात पडलेला रामराम घेत न्हाई!"

९ जून
पडला. एक नंबर लय जणांनी दिला, दोन नंबर कुणीच न्हाई. त्याच्याच वॉर्डातनं त्याच्याच पक्षाची दुसरी उमेदवार, ओर्लाबाई, निवडून आली. आमची शेळी अजून गुलाबी हाय.
मला आनंद झाला. हे लिही म्हणलं तर फिरदोसनं पेन खाली ठेवलं. "पोरगं रडत हुतं, अम्मा."

१८ नोव्हेंबर
घरी यायचं जानेवारीचं तिकीट काढलंय पोरानं! आन् आता ओर्लाबाई खासदारकीला उभी, तर हा पडलेला गडी तिच्यासाठी पावसात दारोदार फिरतोय. नानासो म्हणाले, "येडं हाय." असंल. माझंच हाय.

२ डिसेंबर
ओर्लाबाई खासदार! नानासो पोतं उचलायला लागले. मी पोत्यावरच बसले.

६ जानेवारी २०२५
ऐक, वही! बाईची नगरसेवकाची जागा रिकामी झाली. तिथं त्यासाठी परत मतदान न्हाई. पक्ष नाव सुचवतो, बाकीचे मान डोलावतात. नाव कुणाचं? झिशानचं!
पण गडी हो म्हणंना. "दादी, तुला शब्द दिलाय. तू म्हणशील तसं."
घ्या! अख्ख्या आयर्लंडाचा कारभार माझ्या शब्दावर येऊन थांबला. म्हणलं, उद्या सांगते. जरा मिजास नको का?

७ जानेवारी
सांगितलं — बस खुर्चीत. तिकीट माझ्या नावाचं काढ, मी येते.
फिरदोस, डोळे पूस आन् लिही. मी तिथं पोचले की दर म्हयन्याला शेंगदाण्याची चटणी धाडायची. तिखट कमी केलंस तर परत पाठवीन.