यादीतलं पहिलं नाव

वेंगुर्ले, १८ ऑगस्ट

प्रिय शर्मिलाताई,

पाच महिने तुला साधा फोनही केला नाही, त्याबद्दल माफ कर.

मंदीमुळे शहरांतल्या मिठाईवाल्यांनी काजू घेणं थांबवलं, तेव्हा आपल्या कारखान्यातल्या पंधरा बायकांना घरी बसवावं लागलं. यादी मालकांनी पाठवलीय, असं मी तुम्हां सगळ्यांना सांगितलं. देशभर मागणी का घटली, हेही कॉलेजात शिकलो तसं समजावलं. तू हसून विचारलंस, "लोकांनी काजू खाऊचे सोडल्यानी काय रे?" आणि मग म्हणालीस, "तू सांगतस म्हणजे खराच आसतला."

ताई, मालकांनी फक्त आकडा दिला होता. यादी मी केली. बी फोडताना ज्यांच्या हातून जास्त गर तुटतात त्यांना कमी करायचं, असा नियमही मीच ठरवला. तुझ्या हातचा गर बहुतेक अख्खाच निघायचा. तरी पहिलं नाव तुझं लिहिलं, कारण सुपरवायझरने चुलत बहिणीला ठेवलं, असं कोणी म्हणायला नको होतं. त्या दिवशी मी स्वतःला फार न्यायी वाटलो.

आता तू म्हापशाला परक्यांची भांडी घासतेस. आई रोज जेवताना तुझ्या नोकरीवरून मालकांच्या नावाने ओरडते, "मेल्याक आमच्याच चेडवाची नोकरी दिसली!" मी मान खाली घालून सार वाढून घेतो.

हे पत्र तुला पाठवायचं धैर्य माझ्यात नाही.

तुझा,
विद्याधर

उद्या: यादी कोणी केली ते आईला सांगणे.