पंचवीस यार्डांवरची पाटी

१२ सप्टेंबर १९६९, शुक्रवार. पारोळे.
झुलाल पेंटरने समाजाचा विश्वासघात केला आहे. शिकाऊ चालकाच्या वाहनावरचा 'एल' लाल, ठसठशीत आणि दुरून ओळखू येईल असा असावा, असा नियम आहे. झुलालने काढलेला एल ओट्यावरून पाहिला तर पाटीवर डास मारल्यासारखा दिसतो. तसे बोलून दाखवले. म्हणाला, "नाना, याच्यापेक्षा मोठा काढायचा तर गाडी मोठी घ्यावी लागेल." सौ. म्हणाली, मला तर गल्लीच्या तोंडापासून दिसतो. तिचे काय, ती सगळ्यांच्याच कामाला चांगले म्हणते. अपवाद मी.

गाडी म्हणजे फटफटी. दलिचंदशेठ तेलवाल्यांच्या जावयाची. जावई तिच्यावरून दोनदा पडला, मग लेक रुसून माहेरी येऊन बसली, म्हणून गाडी विकायला निघाली. माझ्यासारख्या संयमी माणसाच्या हाती ती सुखी होईल.

फटफटी हा शौक नव्हे, कर्तव्य आहे. जळगावच्या आमच्या दैनिकाच्या संपादकांचे पत्र आले आहे. एरंडोलपासून पारोळ्यावरून थेट नरडाण्यापर्यंत एक 'फिरता वार्ताहर' नेमायचा आहे. ज्याच्याकडे वाहन आणि लायसन्स असेल तो. मुदत पंधरा नोव्हेंबर. दुसरे उमेदवार एरंडोलचे ज्ञानचंद. वय सत्तावीस, शिक्षण बी.कॉम., व्याकरण शून्य. मी इतकी वर्षे एस्टीच्या कंडक्टरच्या हाती बातम्यांचे पाकीट देतो. कंडक्टर रजेवर गेला की पारोळ्यात काहीही घडत नाही. हे आता थांबले पाहिजे.

संकल्प : रोज पहाटे एक तास सराव. एक महिन्यात लायसन्स. चष्मा रोज धुणे (धूळ फार).

१३ सप्टेंबर.
पहाटे उठलो होतो. गाडी उठली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार.
मागे भटूला बसवून प्रथमच गावाबाहेर. भटू हा शेजारी, जिनिंगच्या रुईच्या गाठी ट्रकमधून वाहतो, पक्का लायसन्सवाला. कायद्याने मागे असा माणूस बसवलेला चालतो. सौ.च्या कायद्याने बसवलाच पाहिजे.

धुळे रोडवर उत्तम गती. भटू मागून सारखा ओरडत होता. "नाना, म्हैस! नाना, म्हैस शे म्हैस!" मला म्हैस दिसलीच होती. ब्रेकची परीक्षा अखेरच्या क्षणी घ्यावी, हा माझा हेतू होता. ब्रेक उत्तम. म्हैसही उत्तम. भटू मात्र खाली उतरला आणि बराच वेळ शर्टाच्या बाहीने तोंड पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "नाना, राग मानू नका, पन तुम्हले दिखस ना?"

ड्रायव्हर लोकांत धीर कमी असतो, असे दिसते.

परत येताना रस्त्यावर कोणीतरी बाजरीची कणसे मळणीसाठी पसरली होती. तीही आम्ही मळून दिली.

२६ सप्टेंबर.
गाडी खोकते. तोतारामला बोलावले. हा विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचा मिस्त्री, पंचक्रोशीत दुसरा नाही. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून त्याने विचारले, "पट्टा कुठे टाकतात हिचा?" पट्टा नसतो म्हणालो. "मग पाणी कुठून बाहेर पडतं?" पाणीही नसते म्हणालो. तो विचारात पडला. मग म्हणाला, "तरीच खोकते. कोरडी शे."

त्याने प्लग काढला, फुंकला, कानाशी धरला आणि परत बसवला. गाडी सुरू झाली! विद्या कोठेही असो, तिला नमस्कार. एक नट उरला. तो जास्तीचा होता, असे तोताराम म्हणाला.

हेडलाइट फार मंद आहे. नवा बल्ब आणला. तोही मंद निघाला. हल्ली बल्बसुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
काल गांधी शताब्दीची सभा. शाळेच्या पटांगणात तुफान गर्दी. मी मागे गाडीजवळ उभा राहून वृत्तांत घेतला, कारण गाडी एकटी सोडली की पोरे हॉर्न वाजवतात. 'अध्यक्षस्थानी मामलेदारसाहेब होते व त्यांनी समयोचित भाषण केले,' अशी बातमी रात्रीच्या एस्टीने जळगावला.

आज दुपारी अंक आला तेव्हा कळले की मामलेदारसाहेब चार दिवस झाले रजेवर आहेत. खुर्चीवर होता तो त्यांचा अव्वल कारकून. तसाच काळा कोट, तशीच टोपी. सरकारने आपल्या माणसांना वेगवेगळ्या टोप्या द्याव्यात, असे पत्र संपादकांना लिहिणार आहे. दलिचंदशेठ दुकानातून ओरडले, "क्या नानाजी, मामलेदारसाब रजेवर जाऊनपण भाषण करतात? लई ड्यूटीवाला मानूस!"

त्यांच्या दुकानात बसलेले सगळे हसले. सौ.ने बातमी वाचून दाखवली, पण ती हसली नाही. फक्त म्हणाली, आता एकदा धुळ्याला जाऊन डोळे दाखवून येऊ या. म्हटले, फटफटी शिकलो की तिच्यावरूनच जाऊ. तिने अंकाची घडी घालून ठेवली. युक्तिवादात मी सहसा हरत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार.
संकट. परवा परीक्षा आणि पंपावर इंजिन ऑइल संपले! या गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. दलिचंदशेठ म्हणाले, तेलासाठी कशाला रडता, आपल्या घाण्याचं शेंगदाण्याचं घ्या, एकदम शुद्ध, बठ्ठं खानदेश खातं.

विचार केला. तेल म्हणजे स्नेह. दोन वस्तूंमधले घर्षण कमी करतो तो स्नेह. शास्त्रदृष्ट्या अडचण दिसत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
गाडी मस्त चालते. भज्यांचा वास येतो. बाजारपेठेतून एक फेरी मारली तर मागून पाच कुत्री आणि एक पाहुणा.

८ ऑक्टोबर, बुधवार.
लायसन्सची परीक्षा. इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा पारोळ्याला कॅम्पला येतात. डाक बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत. चुन्याने इंग्रजी आठाचा आकडा काढलेला असतो, त्यावरून पाय न टेकता गाडी न्यायची. साहेब तरुण आहेत, मृदू बोलतात. मी किक मारली. धूर निघाला. साहेबांनी हवेत नाक फिरवून विचारले, "इथे जवळ कुठे हॉटेल आहे का?" भटू नको तिथे बोलला : "नही साहेब, हाई नानानी गाडी शे."

आठाच्या पहिल्या वाटोळ्यातच इंजिन गुदमरून बंद. शून्य पूर्ण झाले होते. अर्धे काम झाले, असे मी साहेबांच्या नजरेस आणून दिले. ते हसले. म्हणाले, शास्त्रीबुवा, पुढच्या कॅम्पला या, बारा नोव्हेंबर. गाडी साफ करून आणा. आणि जाताना सहज म्हणाले, पुढच्या वेळी पंचवीस यार्डांवरून एखाद्या गाडीची नंबर प्लेटही वाचून दाखवावी लागेल, नियम आहे. तेवढे तर काय, तुम्ही वाचणारे लोक.

अर्थातच.

१९ ऑक्टोबर, रविवार. खंडेनवमी.
घरातल्या शस्त्रांची पूजा. विळी, कात्री, माझे फाउंटन पेन आणि फटफटी. सौ.ने गाडीला हळदकुंकू लावले, हँडलला झेंडूची माळ घातली. मी नारळ फोडला. पाणी नेमके प्लगवर. गाडी दिवसभर मौनात.

सौ. म्हणाली, नारळ गाडीच्या पुढे दगडावर फोडायचा असतो. मीही दगडावरच फोडत होतो. दगडाने जागा सोडली.

२३ ऑक्टोबर.
तोतारामने इंजिन उघडून सायलेन्सरमधून काजळी काढली. एवढी, की सौ.ने त्यातली थोडी डबीत घेतली. खरे ऑइल जळगावहून मागवले. गाडी आता शुद्ध, सात्त्विक. उरलेला नटही कुठे बसायचा ते सापडले. तेथे दुसरा बसवलेला होता.

ज्ञानचंद लायसन्सला पास झाल्याची बातमी. एरंडोलच्या कंडक्टरने सांगितली, हसत. त्याचेही पाकीट तोच नेतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
पंचवीस यार्डांचा प्रश्न सोडवला. उगीच मोठा केला होता.

साहेबांची जीप आज सरकारी कामाने गावात आली होती. डाक बंगल्यात नेहमीच्या लिंबाखाली उभी. परीक्षेला नंबर प्लेट वाचायची ती जीपचीच असणार, दुसरे वाहन तिथे असते कुठे? जवळ जाऊन, अगदी नाक लावून नंबर पाहिला. ड्रायव्हरने विचारले, काय शोधताय? म्हटले, बातमीसाठी पाहतो आहे.

आम्हा वेदपाठशाळेतल्या लोकांना वाचायची गरजच काय? बारा वर्षे गुरुजींच्या अंगणात पोथी न उघडता बसलो आहोत. आकडे चारच. ४७१९. प्रथम सरळ. मग क्रमाने : चार-सात, सात-एक, एक-नऊ. मग उलटसुलट : चार-सात, सात-चार, चार-सात. सात-एक, एक-सात, सात-एक. एका तासात पक्के. झोपेतून उठवून विचारा.

ही लबाडी नव्हे. स्मरण हीही एक दृष्टीच आहे. उलट अधिक खात्रीची, कारण तिला धूळ लागत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन.
चार-सात, सात-चार, चार-सात. सौ. म्हणाली, आरती म्हणा. आरतीच्या मध्ये नंबर आला. दलिचंदशेठांनी मिठाई पाठवली, सोबत निरोप : शेंगदाण्याचं तेल पाहिजे का?

भटूने आठाचा सराव करून घेतला. पाचदा काढला, पाचही बरोबर. ड्रायव्हर लोकांत धीर पुष्कळ असतो, पूर्वीचे मत मागे घेतो.

संपादकांना आगाऊ पत्र लिहून ठेवले : 'कळविण्यास आनंद होतो की...' तारीख तेवढी कोरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
गाडी पहिल्या किकला सुरू. धूर नाही, वास नाही. आठ असा काढला की पारोळ्याने पाहिला नव्हता. कडेला उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतः पाठीवर हात ठेवला. म्हणाले, शास्त्रीबुवा, कमाल केलीत, आता एवढी एक प्लेट वाचा की झालं.

मी रेषेवर उभा राहिलो. लिंबाखाली काहीतरी मोठे, करडे उभे होते. जीप. चष्मा पुसण्याचे नाटक केले, जरा डोळे बारीक केले आणि स्वच्छ, सस्वर म्हटले : चार, सात, एक, नऊ.

साहेबांनी लिंबाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

साहेबांनी विचारले, पुन्हा वाचता का? मी पुन्हा म्हटले. अक्षरांसकट. तेव्हा भटू पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला, "नाना, मन्ही गाडी शे ती."

जीप गॅरेजात होती. साहेब एस्टीने आले होते. लिंबाखाली भटूचा ट्रक उभा होता, गाठींनी भरलेला, मागच्या फळीवर हातभर अक्षरांत नंबर. त्या ट्रकमध्ये बसून मी कितीदा जळगावला गेलो आहे. माझ्या ओट्यासमोर तो रोज उभा असतो.

वाटले होते, साहेब रागावतील. जीपचा नंबर मला कसा ठाऊक, हे विचारतील. त्यांनी मला बाजूला नेले, आवाज उतरवला आणि म्हणाले, "किती दिवसांपासून आहे हे?"

त्या उतरवलेल्या आवाजाने घात केला. तोवर मला सगळ्याची उत्तरे ठाऊक होती.

गाडी भटूने घरी आणली. मी मागे बसलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
संपादकांना लिहून ठेवलेले पत्र फाडले. दुसरे लिहिले : ज्ञानचंदला नेमा, मुलगा चांगला आहे, व्याकरण मी सुधारून देईन. मग वाटले, सुधारणार ते वाचून ना. शेवटचे वाक्य खोडले.

एलच्या पाटीचे दोरे सोडायला खाली बसलो. हातात धरून पाहिली. झुलालने एल चांगला मोठा काढला आहे. पाटीत मावत नाही इतका.

वडील आठवले. ते पुराण सांगत. शेवटची काही वर्षे समोर पोथी उघडून, वेळेवर पान उलटून, सगळे पाठ म्हणत. लोकांना वाटे वाचत आहेत. एका चातुर्मासात झुंबरबाई नावाच्या म्हातारीने भर सभेत सांगितले, बुवा, पोथी उलटी शे. तेव्हा आम्हाला घरच्यांना कळले. तोवर उशीर झाला होता. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षे आधी आणायला हवे होते.

माझी दोन वर्षे कधी सुरू झाली, ते आठवण्याचा आज दिवसभर प्रयत्न केला. बाकी सगळे पाठ आहे, तेवढे मात्र नाही.

सौ.ला सांगितले, सकाळच्या एस्टीने धुळ्याला जाऊ. तिने पिशवी केव्हाचीच भरून ठेवली होती. एकटा जातो म्हणणार होतो, पण कोणती एस्टी धुळ्याची, ते पाटीवरून सांगायला कोणीतरी लागेल.

लायसन्सचे काही वाटत नाही. मला आंधळे होण्याची भीती वाटते.