महिनाभरानंतरची भुकटी

वर्धा, १८ मे २००३

प्रिय प्रफुल,

पुण्याची नोकरी मानवली ना? इथे पारा सेहेचाळीसवर गेलाय आणि आपल्या प्रयोगशाळेतला पंखा तुझ्यासारखाच आहे, आवाज फार, वारा कमी. रागावू नकोस. गेले चार दिवस मला जेवण जात नाहीये. आई विचारते, "काऊन वं जया, जेवून नाई राह्यली?" तिला काय सांगू, भुकटी तरंगते म्हणून?

हो, तरंगते. प्रबंधासाठी फोटो हवा होता, म्हणून आपण मार्चमध्ये तयार केलेली एक बाटली मंगळवारी उघडली. पिठासारखी बारीक पॉलिथिनची भुकटी, एरवी पाण्याला जवळ येऊ न देणारी. प्लाझ्माच्या, म्हणजे विजेनं पेटवलेल्या वायूच्या, जांभळ्या उजेडात दहा मिनिटं घोळवली की मुकाट पाण्यात मिसळायची. पहिल्यांदा मिसळली तेव्हा तू कप हातात घेऊन नाचलास आणि अर्धा चहा माझ्या ओढणीवर सांडलास. मला तेव्हा जराही वाईट वाटलं नव्हतं, हे आता सांगून टाकते. मंगळवारी मात्र सगळी भुकटी पाण्यावर सायीसारखी बसून राहिली. ढवळलं, पाणी बदललं. छे.

चूक कळली. मला साडेपाचची आर्वीची एसटी गाठायची असायची, म्हणून भुकटी बाहेर काढली की आपण लगेच चाचणी उरकायचो. दुसऱ्या दिवशी कधी पाहिलंच नाही. प्लाझ्माचा गुण कणांच्या वरवरच असतो आणि तो असल्या उन्हाळ्यात लवकर उतरतो. एवढंच असतं तर मी प्रयोग पुन्हा केले असते. पण वहीत 'महिनाभरानंतर परिणाम कायम' असं आकड्यांसकट लिहिलंय. अक्षर तुझं, सही माझी. मी न वाचता केली. तू पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर केली असती. आणि त्या चाचणीसाठी बाजूला ठेवलेली बाटली कपाटात तशीच आहे. तू लावलेली चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही.

याच आकड्यांवर कंपनीनं तुला घेतलं, हे मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात ते या भुकटीचा रंग बनवायला घेणार, हेही तूच कळवलंस. २६ तारखेला सकाळी मी वही सरांपुढे ठेवणार आहे. माझ्या सहीचं काय व्हायचं ते होऊ दे, भीती वाटते, तरीही. त्याआधी तू स्वतः सरांना फोन करावास, एवढ्यासाठी हे पत्र. तुझं नाव मला घ्यावं लागू नये, प्रफुल. पण सरांनी विचारलं, तर मी घेईन.

तुझीच,
जया