कान तुटलेल्या कपातली कवळी

तीर्थस्वरूप मामांना,

तुमच्या दंतवैद्य भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं शाबूत आहेत, पण कमरेत उसण भरल्यामुळे नमस्कार उभ्याउभ्याच मानून घ्यावा. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्याची कंबर अशीच जाते.) तुम्ही कसे आहात? गुडघे काय म्हणतात? रक्तदाबाची गोळी आठवणीनं घेता ना, की मामी असताना जशी खिशात घालून विसरायचात तसंच अजून चाललंय? आई सांगते, हल्ली रविवारच्या फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. पूर्वी तो फोन सुरू झाला की आमच्याकडे दूध उतू जायचं, दारावरची माणसं बेल वाजवून परत जायची, आणि आई हसून हसून डोळे पुसत असायची. आता चहा निवायच्या आत संपतो. तिनं मनाशी घेतलं आहे की तिच्याच हातून काहीतरी चुकलं. तुमच्याकडे आली होती तेव्हा तुमची कपाटं न विचारता आवरली, त्याचा दादाला राग आला, हे तिचं सध्याचं मत; त्याआधी सगळा दोष तिनं तुमच्यासाठी विणलेल्या स्वेटरच्या रंगावर होता. जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस असा एका अक्षरावर आला, म्हणजे घसा बिघडला असणार, अशी मी तिची समजूत घातली आहे. तसं असेल तर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा.

इकडचं म्हणाल तर मी धडधाकट आहे, माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे. तुमच्या कानावर काही आलं असेल-नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमच्या दवाखान्यातून प्रत्येक पेशंटच्या फोनवर आपोआप एक संदेश जातो, की आपला प्रामाणिक अनुभव दोन शब्दांत लिहा. (त्यातला 'प्रामाणिक' हा शब्द मी शोभेसाठी घातला होता. कोणी तो मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.) एका गृहस्थानं मनावर घेतला. नाव दिलं नाही, खाली सही 'एक समाधानी ग्राहक', आणि वर पाचापैकी एक स्टार. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर प्रश्नच नव्हता, शिव्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण ह्या माणसानं आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मग माझ्या हाताचं कौतुक केलं, दवाखान्यातल्या पंख्याचंही केलं, आणि मग 'गैरसमज नसावा' असं म्हणून कळवलं, की कवळी बोलताना टकटक वाजते, खाताना वर उठते, आणि एका शोकसभेत दोन शब्द बोलायला उभं राहिल्यावर खालची कवळी समोरच्या पाण्याच्या ग्लासात पडली. लोकांना वाटलं ह्यांना दुःख अनावर झालं, म्हणून चार जणांनी दंडाला धरून खाली बसवलं. डॉक्टरांना फार कामं असतात, त्यांना कुणी बोल लावू नये, असा शेवट. सोबत एक फोटो, कपातल्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या कवळीचा.

इतकं सभ्यपणे लिहिलेलं लोकांना खरं वाटणारच. (खरं होतंच, तो भाग वेगळा.) वाचताना मला राहून राहून वाटायचं, हा माणूस आपल्या घरात शोभला असता. आपल्याकडेही कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. आईनं चुकून साखरेऐवजी मीठ घातलेला चहा तुम्ही एकदा अख्खा प्यायलात आणि 'वेगळा झालाय' एवढंच म्हणालात, ते आठवतं ना? तर ती तक्रार पसरली. ग्लासात पडणाऱ्या कवळीवर लोकांनी व्हिडिओ केले, त्याला मागून टाळ्यांचा आवाज जोडला. माझं नाव शोधायला जावं तर दवाखान्याच्या पत्त्याआधी तो ग्लास दिसू लागला. बाहेरच्या बाकावर एरवी टेकायला जागा नसायची, तिथं आता आमच्या मदतनीस बाई पाय सोडून शब्दकोडं सोडवतात.

आता माझा पराक्रम ऐका. शहाण्या माणसानं अशा वेळी तो गृहस्थ कोण हे शोधून काढलं असतं, त्याला खुर्चीत बसवलं असतं, कवळी हातात घेऊन बघितली असती. मी उत्तर लिहायला बसलो. तेही कधी, तर एका पेशंटच्या तोंडात मापाचा लगदा भरून तो घट्ट व्हायची वाट बघताना. लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, ती मी संमती धरली. (टाळ्यापर्यंत लगदा भरलेला माणूस बोलणार काय? डोळे मात्र त्यानं मोठे केले होते. मला वाटलं माप घट्ट झालं.) मी लिहिलं होतं की कवळी उत्तमच आहे, दोष जिभेचा आहे; काही लोकांना म्हातारपणीही जेवणापेक्षा बडबडीची भूक जास्त असते; त्यांनी जरा गप्प बसायची सवय लावून घेतली तर कवळी वाजणार नाही आणि घरच्यांच्या कानांनाही आराम पडेल. ते घरच्यांच्या कानांचं वाक्य मला फार जमल्यासारखं वाटलं होतं. 

बायकोनं ते वाचलं आणि एवढंच विचारलं, की हे तू एका म्हाताऱ्या माणसाला लिहिलंस? त्यानंतर ती माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. मी उत्तर काढून टाकलं, पण तोवर लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते. आता तक्रार आणि उत्तर दोघं जोडीनं फिरतात, नवराबायको लग्नघरी फिरावेत तशी.

मग मी नातेवाइकांना कामाला लावलं. चार चांगले शब्द लिहा, म्हणून सगळ्यांना विनवलं. धाकट्या मावशीनं पाच स्टार दिले आणि खाली लिहिलं, 'माझे सगळे दात माझेच आहेत, त्यामुळे अनुभव नाही. पण मुलगा गुणी आहे. लहानपणी फार चावायचा, आता पुष्कळ कमी झालं आहे.' मेव्हण्यानं 'जागा प्रशस्त, नोकरवर्ग तत्पर, सहकुटुंब पुन्हा जाऊ' असं लिहिलं. (त्याच दिवशी तो एका हॉटेललाही स्टार देत होता. त्या हॉटेलला आता 'अजिबात दुखलं नाही' असं प्रशस्तिपत्रक आहे.) सगळं कौतुक एकाच दुपारी आलं, आणि निम्म्याअधिकांचं आडनाव माझंच. लोकांना आयतीच करमणूक मिळाली.

शेवटी एका माणसाला नेमलं. लोकांची इंटरनेटवरची प्रतिमा सुधारून देणं हाच त्याचा धंदा, म्हणून घरात आम्ही त्याला प्रतिमावाला म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की तक्रार पुसता येत नाही, पण तिच्यावर चांगल्या बातम्यांचा ढीग रचला की ती खाली दबते, आणि खाली उतरून बघायला लोकांना वेळ नसतो. माझ्याबद्दल चांगल्या बातम्या नव्हत्या, त्या त्यानं तयार केल्या. मला एका झाडाला मिठी मारायला लावून 'निसर्गप्रेमी दंतवैद्य' म्हणून फोटो छापला. (झाडावर लाल मुंग्या होत्या. चेहऱ्यावर जो भाव आहे त्याला लोक तन्मयता म्हणतात.) त्याचा परिणाम झाला नाही असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक बाई आल्या, पदराआड कुंडी घेऊन. पानं पिवळी पडत होती. मी पाणी कमी घालायला सांगितलं. एवढ्या खटाटोपातून मिळालेला तो माझा एकुलता एक नवा पेशंट, आणि त्याला दात नव्हते.

असं हे सगळं. हसू येत असेल तर हसा, पण खरं सांगतो, मला हल्ली हसू येत नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो की धंद्याचं काय होईल हे मनात येतच नाही. तो ग्लासासमोर उभा असलेला माणूस येतो. कुणाच्या तरी मरणावर दोन चांगले शब्द बोलायला उठला, ते शब्द तोंडातच राहिले, आणि घरी आल्यावर फोन उघडून बघतो तर त्याचा डॉक्टर त्याला म्हणतोय, गप्प बस.

मामीच्या तसबिरीला माझा नमस्कार. जेवणाची आबाळ करू नका. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र संपवता संपवता एक काम आठवलं. प्रतिमावाल्याला एक छोटी फिल्म हवी आहे. वयस्कर, भारदस्त गृहस्थ, माझी कवळी घालून खणखणीत आवाजात बोलतायत. त्याला मी तुमचं नाव सुचवलं. तुमची कवळी मीच केलेली, आणि घातल्या घातल्या 'छान बसली' म्हणालेले तुम्हीच. तेव्हा दोन गाड्या पुकारून दाखवाल का, पूर्वीसारख्या?

ता. क. दुसरा. मामा, वरचा ता. क. खोटा आहे. खोडणार होतो, पण राहू दे. खरं लिहायच्या आधी माझा हात कसा कुठेही पळतो ते तुम्हांला दिसू दे. फिल्म नको. मला सगळं माहीत आहे. घशाचं, कपाटांचं, स्वेटरचं लिहिलं ते कालपर्यंतचं. काल प्रतिमावाला ती तक्रार मोठी छापून घेऊन आला होता, आणि कागद जेवणाच्या टेबलावर पसरले होते. आई चष्मा पुसत आली, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, हा आमच्या दादाचा कप. हिरव्या रेघेचा, कान तुटलेला. सुट्टीत तुमच्याकडे आलो असताना तो माझ्याच हातून पडला होता, आणि मी रडायला लागलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बरं झालं कान गेला, आता हातात नीट बसतो. तो फोटो मी इतक्या वेळा मोठा करून बघितला, हिरड्यांच्या रंगावरून कवळी माझीच हेही ओळखलं. कुणाची, ते समजलं नाही. दरवेळी दातच बघत होतो.

आपण लिहिलेलं फक्त आमच्या दवाखान्यातच पोचेल, असं तुम्हांला वाटलं असणार. वाचून कुणीतरी गुपचूप दुरुस्ती करेल, आणि भाच्याला कळू नये म्हणून नाव तेवढं लपवलंत. सगळ्या जगाला दिसतं हे तुम्हांला कुणी सांगितलंच नाही. आणि चूक कवळीचीच होती. दात आधी मेणात बसवून, तोंडात घालून, माणसाला बोलायला लावून बघायचे असतात. अनोळखी पेशंटचे मी बघतो. तुमच्या वेळी तुम्ही म्हणालात, तुझी गर्दी आहे, माझं काय, घरचंच आहे. मी ते लगेच मानलं. त्यातून नवीन कवळी घातली की हिरड्या बसतात, कवळी सैल होते, पुन्हा आतून भरून द्यावी लागते. तुम्ही पुन्हा आला नाहीत, मी बोलावलं नाही. विचारलं असतं तरी 'छान आहे' म्हणाला असतात, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलंच नाही.

आईनं तक्रार वाचली, मग माझं उत्तर मागून घेऊन वाचलं. फोनपाशी जाऊन बसली, फोन उचलला, परत ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, बघ, दादानं तुझं ऐकलं. मामा, मी लोकांना गप्प बसायला सांगितलं आणि जगात एकट्या तुम्हीच ते ऐकलंत.

प्रतिमावाल्याला रजा दिली आहे. तुमची तक्रार आहे तिथं राहू दे, तिच्याखाली मी लिहिलं आहे की तक्रार खरी आहे आणि ह्या गृहस्थांची मी माफी मागतो. लोक आता त्यावरही हसतायत. हसू देत. रविवारी सकाळी मी तुमच्याकडे येतोय, मेण, साचे, सगळं घेऊन. ह्या वेळी मेणातले दात घालून तुम्हांला गाड्या पुकाराव्या लागतील, चाचणी म्हणून, आणि एखादी जरी वाजली तरी मी पुन्हा पहिल्यापासून करीन.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. दार उघडल्यावर 'ये, बस, छान चाललंय' असं म्हणू नका. मला बोला, तोंडावर, मनात असेल तेवढं. त्याआधी आईला फोन लावून तो टेबलावर उघडा ठेवा, तिलाही ऐकायचं आहे. जुनीच कवळी घाला. आई म्हणते, टकटक ऐकू आली की तिला कळेल, दादा बोलतोय.