ओटीतली इरकल

अप्पा, तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तुमच्यावरचा माझा एक राग मात्र अजून जिवंत होता, आणि कालपासून तो कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही मुडबीला मास्तर होतात, तो राग तिथल्या येळवशीचा. मी चौथीत होते. त्या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं आणि मास्तरांना प्रत्येक रानातून बोलावणं येतं. तुम्ही दरवर्षी हात जोडायचात. "जेवलो तर समद्यांच्या रानात जेवीन, न्हाईतर कुणाच्याच न्हाई." त्या वर्षी तुम्ही कामाला तालुक्याला गेला होता, म्हणून आई मला घेऊन तुमच्या वर्गातल्या एका मुलाच्या रानात गेली. भज्जी, उंडे, गाडग्यातली गार आंबिल. निघताना त्या घरच्या बाईनं आईची ओटी भरली. नारळ, गहू, आणि वर हिरवं इरकल लुगडं, लाल काठाचं. आई वाटभर त्या काठावरून बोट फिरवत आली. संध्याकाळी तुम्ही ते पाहिलंत, घडी उचललीत आणि मला बरोबर घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलात.

"मास्तर, आसं कामून करायलाव? ओटी कुणी परत देतंय व्हय?" तो शेतकरी कळवळून म्हणाला.

"नारळ आन् गहू ठिवून घेतलंय की, अण्णा. लुगडं न्हाई. तुमचं पोरगं माझ्या हाताखाली शिकायलंय."

परतताना मला म्हणालात, खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, म्हणून मीठ कुणाचं खायचं ते आधी बघावं. घरी आई आपल्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. "एक डाव नेसू तर द्यायचं हुतं," एवढंच बोलली. ती गेली तोवर तिच्या अंगाला इरकल लागली नाही. तत्त्वापायी बायकोचं मन मोडणारा माणूस, असंच मी आयुष्यभर तुमच्याबद्दल सांगत आले.

आता मी हुलसूरजवळच्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेची मुख्याध्यापिका आहे. दोन वर्षांपूर्वीच्या येळवशीला शाळा समितीच्या अध्यक्षांच्या रानात गेले. तुमच्यासारखं सोवळं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नव्हतं. त्यांच्या बायकोनं माझी ओटी भरली. वर इरकल होती. हिरवी, लाल काठाची. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि आई आठवली. घेतली, अप्पा. ओटीला नाही म्हणू नये, असं स्वतःला समजावत घेतली.

महिन्याभरात निवासी शाळेचं पत्र आलं. पाचवीतल्या एकाच मुलीचं नाव पाठवायचं होतं. नजरेसमोर दोघी होत्या. एक अध्यक्षांची मुलगी, दुसरी आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईची. दुसरी सरस होती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण पहिलीचं अक्षर सुंदर होतं, ती धीट होती, घरापासून लांब राहू शकली असती. अशी एकेक कारणं मी गोळा केली आणि तिचंच नाव पाठवलं. साडी त्यात कुठेच नव्हती. अध्यक्षांनी तर एका शब्दानंही काही मागितलं नाही. मागायची वेळच आली नाही. निकाल कळला तेव्हा स्वयंपाकाची बाई एवढंच म्हणाली, "तुमी बघूनच धाडलं आसंल की नाव." आणि माझ्या ताटात भात वाढला.

काल तीच बाई भांडी घासता घासता म्हणाली, "सातवी झाली. आता बस झालं, बाई. पुढची शाळा लांब, येळंला गाडी न्हाई. पोरगी माझ्यासंगं कामाला यील."

"आसं नका करू. मी बघते की काहीतरी," मी म्हटलं.

"तुमी लई केलाव बाई आमच्यासाठी," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

अप्पा, मला फार लाज वाटते. लुगडं परत देता येतं, तुम्ही दिलंत. दिलेली जागा कुणाच्या दारात जाऊन परत मागू? तुम्ही आईला दुखावलंत ते आपल्या घरात, तिच्या देखत. मी ज्या पोरीचं नुकसान केलं, ती अजून वाटेत दिसली की हात जोडून नमस्कार करते. त्या पोरीसाठी मी उद्यापासून दारं ठोठावीन, पण गेलेली दोन वर्षं तिला कुणी देणार नाही.

हे पत्र त्याच साडीच्या घडीत ठेवणार आहे. शेवटी लिहिणार होते की ती मी एकदाही नेसले नाही. पण नेसले आहे, एकदा, दार लावून. आरशात हुबेहूब आई दिसत होती, आणि ती साडी सोडायला मी फार वेळ लावला.