खांबावरची बाही

३ एप्रिल १९४४

शिवली रुपाबाईनं! अन् सारं अनसिंग मान वर करून पाहून राह्यलं.

माळावर लढाईची विमानं उतरतात. तिथं उंच खांबाच्या टोकाले कापडाची लांब बाही बांधली असते. वारा भरला की ती फुगून आडवी होते, मंग वरच्या वैमानिकाले समजते वारा कोणीकडचा; विमान वाऱ्याच्या तोंडावरच उतरवा लागते. जुनी फाटली होती. हे माळावर मुकादम, म्हणून नवं कापड ह्यांच्याच हाती आलं. घरी बायको आहे, तिच्या गोधड्या वाशिमपर्यंत जातात. अन् कापड दिलं कोणाले? सडकेवर गिट्टी फोडणाऱ्या, तांड्यावरच्या रुपाबाईले.

काहून म्हणून विचारलं. म्हणे, "ती तिथंच होती. देलं." एवढंच. जेवले अन् झोपले.

५ एप्रिल

ठेसनापासून माळापर्यंत सडक झाली तवापासून घरात धूळ अन् ह्यांच्या तोंडी माळ. आज किती विमानं आली, कोणतं कसं उतरलं. आगगाडी आली की पेट्रोलची पिंपं घेऊन लॉऱ्या दारावरूनच पळतात.

ह्यांची भाकर आधी गडी न्यायचा. आता मी नेते. सासूबाई म्हणल्या, "एवढ्या उन्हाची तू कायले जातं व?"

कायले ते माह्यं मले माहीत.

आज हे तिले म्हणले, "पाणी आण." तिनं आणलं. ह्यांनी पिलं. मी घरून नेलेला तांब्या तसाच राह्यला. दुसरं काही बोलणं झालं नाही, मी झाडाखाली उभी राहून पाह्यलं.

६ एप्रिल

आजही काही नाही. तरी जीव जळते.

१३ एप्रिल

वावटळ आली अन् रुपाबाईची बाही उभी फाटली. देव पावला! मी ह्यांच्या हातून नवं कापड हिसकूनच घेतलं. म्हटलं, आता पाहा टाका कसा असते.

१६ एप्रिल

दोन दिवस बसली. दुहेरी कापड, मधात जुन्या लुगड्याचा थर, अन् गोधडीसारखे जवळजवळ टाके. सात जन्म फाटायची नाही. बोटं सुजली तर सुजू दे.

ह्यांनी हातावर तोलून पाह्यली. "जड तर नाही झाली?" मी तोंड फिरवलं. मंग ह्यांनी खांबावर चढवली.

तिनंही खालून पाह्यली. म्हणली, "टाका लय बेस आहे, विजयमालाबाई." मले गोड वाटलं. मंग गोड वाटल्याचाच राग आला.

१८ एप्रिल

लिहू का नको.

दुपारी पश्चिमेचा वारा जोरात होता. माह्या डोक्यावरचा पदर ठरत नव्हता. अन् वर खांबाले माही बाही ओल्या लुगड्यासारखी सरळ लोंबत होती. हलली नाही. वैमानिकाले वाटलं वाराच नाही. विमान वारा पाठीशी घेऊन उतरलं अन् थांबलंच नाही. माळ सरला, सडक आली, तोंड गिट्टीच्या ढिगात शिरलं. वैमानिक जिता आहे. हात मोडला पोराचा.

माळावरच्या साहेबानं बाही खाली काढवली. चाचपली. सुरीनं उसवली, आतून माह्या लुगड्याचा काठ बाहेर आला.

"जगदेव, किसने सिया?"

ह्यांचं तोंड पांढरं पडलं. बायकोचं नाव घेतलं तर नोकरी जाते, वरून काय होईल देव जाणे. मी चार हातांवर भाकरीचं फडकं धरून उभी. मी म्हणायले पाह्यजे होतं. मी फडक्याची गाठच आवळत राह्यली.

गिट्टीवरून रुपाबाई उठली. हातोडी खाली ठेवली.

"मैंने, साहब."

१९ एप्रिल

तिले कामावरून काढलं. डोक्यावर गाठोडं घेऊन ठेसनाकडं निघाली. माह्याजवळून जाताना एवढंच म्हणली, "माह्यं काय बाई, मी गिट्टी कुठंही फोडीन."

हे सडकेवर उभे राहून तिच्याकडं पाहून राह्यले, ती दिसेनाशी होईपर्यंत. असं ह्यांनी तिच्याकडं आधी कधीच पाह्यलं नव्हतं. मी रोज पाळत ठेवून होती. मले पक्कं माहीत आहे.